वर्णनाबरहुकूम

जगात वर्णन आधी येतं आणि वस्तू मागाहून. भाड्याच्या घराचं वर्णन येतं, ‘बसस्टँडपासून पाच मिनिटांवर, हवेशीर, पाण्याची मुबलक सोय.’ घर पाहायला गेलं म्हणजे कळतं की ती पाच मिनिटं एसटीच्या वेगाची आहेत, हवेशीर म्हणजे खिडकीला तावदान नाही आणि पाण्याची मुबलक सोय शेजाऱ्यांकडे आहे. लग्नाच्या बाबतीत तर वर्णनावाचून पान हलत नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या स्थळाचं जे पत्र आलं होतं त्यात ‘मितभाषी’ असा शब्द होता. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. माझ्या घरून गेलेलं पत्र तिनंही जपून ठेवलं आहे. त्यात ‘मुलगा बँकेत असून अधिकारी होण्याच्या मार्गावर आहे’ असं वाक्य आहे. त्यात खोटं काहीच नाही. मी अजूनही त्याच मार्गावर आहे.

पण माणसांचं एक बरं असतं. वर्णन आणि वस्तू जुळली नाही तरी माणूस जुळवून घेतो. थोडं हसतो, थोडं कुरकुरतो आणि संसाराला लागतो. यंत्राला हे जमत नाही. वर्णनात एक आणि प्रत्यक्षात दुसरं निघालं की यंत्र भर मांडवातून उठून जातं, आणि जाताना तांबड्या अक्षरांत असं काही बोलतं की वधूपक्ष आणि वरपक्ष दोघंही एकमेकांकडे बघत राहतात.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला यंत्राच्या मनातलं काय कळतं? रास्त प्रश्न आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. प्रत्येक नावेला जमा असते, एवढंच तत्त्वज्ञान घेऊन विद्यापीठाबाहेर पडलो आणि त्यावरच आजवर भागवलं. पण २०२३ च्या मे महिन्यात माझी नेमणूक एका विचित्र कामावर झाली, आणि पुढचे पंचवीस दिवस मी एका इंजिनियर पोराशेजारी खुर्ची टाकून बसलो.

काम वरून अगदी साधं होतं. शेतकऱ्याच्या अनुदानाची रक्कम खात्यात टाकायच्या आधी, हा खातेदार तोच का, हे बाहेरच्या एका यंत्रणेला विचारून घ्यायचं. पूर्वी हे याद्या पाठवून होत असे आणि यादी परत यायला तीन आठवडे लागत. आता एक जूनपासून याद्या बंद. आमच्या संगणकानं तिकडच्या संगणकाला परस्पर विचारायचं, तिकडून ‘होय’ आलं की इकडे पैसे सुटायचे. ‘होय’ नाही तर पैसे नाहीत. आणि जून म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काय असतो हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. मृग लागतो, आभाळाकडे माना लागतात आणि कपाशीच्या बियाण्याची पाकिटं रोखीनं घ्यावी लागतात. जूनमध्ये पोचलेले दोन हजार रुपये हे भांडवल असतं. ऑगस्टमध्ये पोचलेले दोन हजार हे नुसते दोन हजार असतात.

या कामावर माझीच निवड का झाली? तर २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत बँकांना प्रत्येक कर्जदाराची ६६ रकान्यांची माहिती भरून द्यावी लागली होती. त्या वेळी मी इतके रकाने भरले की झोपेतही मला आडव्याउभ्या रेघा दिसत. तेव्हापासून आमच्या बँकेत मी ‘रकानेवाले’ म्हणून प्रसिद्ध आहे. साहेबांनी मला बोलावून म्हटलं, “तुम्ही त्या पोराजवळ बसा. कोणता रकाना म्हणजे काय, एवढंच त्याला सांगायचं. बाकी तो करील.” कागदावर माझा हुद्दा ‘डोमेन एक्स्पर्ट’ असा लिहिला गेला. सौ.नं विचारलं, “पगार वाढला?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “मग डोमेनच वाढलं म्हणायचं.”

पोरगा मूळचा पुसदचा, नोकरीला पुण्यात. एरवी पुणेरी बोलायचा. पण पडद्यावर तांबडी ओळ उमटली की त्याच्या तोंडून शुद्ध वऱ्हाडी निघे. त्यामुळे मला पडद्याकडे बघायची गरजच पडत नसे. “काहून बे?” असं ऐकू आलं की समजावं, काहीतरी अडलं.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “काका, तिकडून आपल्याला डब्ल्यूएसडीएल आलं की काम दोन दिवसांचं आहे.” या फाइलीला ही मंडळी लाडानं ‘विझडल’ म्हणतात. आमच्या शिपाईभाऊंनी ते दारातून ऐकलं आणि काळजीनं विचारलं, “विझलं काय साहेब? इन्व्हर्टर लावू?”

हे विझडल म्हणजे काय, ते त्यानं मला दोन चहांत समजावून सांगितलं. मी तुम्हाला एका चहात सांगतो.

आमची शकुंतला रेल्वे तुम्ही ऐकून असाल. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी, विलायती कंपनीच्या मालकीची म्हणून गाजलेली, आणि आता बंद पडलेली. तिचे रूळ अडीच फुटी. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी लाइन, तिचे रूळ साडेपाच फुटी. यवतमाळचा कापूस शकुंतलेतून मूर्तिजापूरला उतरायचा आणि मोठ्या डब्यात चढायचा. डबा पुढे जात नसे, माल पुढे जाई. दोन संगणकांचंही असंच. आमचे रूळ वेगळे, त्यांचे वेगळे. मधे माल उतरवून चढवणारे हमाल लागतात. ते हमाल म्हणजे प्रोग्राम. आणि कोणता गठ्ठा कुठून उचलायचा, केवढा असेल, कुठे ठेवायचा, हे सगळं ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद म्हणजे विझडल.

त्या कागदाचे पाच भाग. पहिल्यात जिनसांची यादी: नाव म्हणजे अक्षरं, रक्कम म्हणजे आकडा, जन्मतारीख म्हणजे तारीख. दुसऱ्यात कोणती चिठ्ठी न्यायची आणि कोणती परत येईल ते. तिसऱ्यात तिथे कोणकोणती कामं होतात ते. चौथ्यात चिठ्ठी कोणत्या पाकिटात कशी घालायची ते. पाचव्यात पत्ता. पाकिटाच्या पद्धतीला ‘सोप’ म्हणतात. हा शब्द शिपाईभाऊंच्या कानावर पडला, त्या दिवशी मोरीत नवीन वडी आली.

ही वर्णनाची रीत आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा या कंपन्यांनी मार्च २००१ मध्ये जगापुढे मांडली. म्हणजे मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची. २००७ साली तिची सुधारलेली आवृत्तीही निघाली, पण बहुतेकांनी पहिलीच धरून ठेवली. आता नव्या पद्धती आल्या आहेत, आणि पोरगा या पद्धतीबद्दल बोलताना ज्या स्वरात बोलायचा त्या स्वरात आमच्याकडे फक्त मोडी लिपीबद्दल बोलतात. पण बँका आणि कचेऱ्या यांचं जुन्या गोष्टींवर प्रेम असतं. एकदा चालू लागलेली वस्तू आम्ही सहसा बंद करत नाही, भीती वाटते.

खरी गंमत पुढे आहे. हे वर्णन वाचून माणसानं प्रोग्राम लिहायचा नसतो. एक हत्यार असतं, त्याच्या तोंडात ही फाइल द्यायची. ते वर्णनाबरहुकूम सगळे हमाल आपोआप तयार करून देतं. शेदोनशे फाइली, क्षणभरात. मला तर आमच्या बँकेत नव्यानं लागलेल्या शिकाऊ कारकुनाची आठवण झाली. त्याला लिहून दिलं तेवढंच तो करतो, पण ते फार झटपट करतो. आणि लिहून दिलेल्यात एक काना चुकला की ‘साहेब, समजलं नाही’ असं म्हणून हात बांधून उभा राहतो.

आमचं ते हत्यार पहिल्या दिवशी उभंसुद्धा राहिलं नाही; कारण ते पेटीतच नव्हतं. पूर्वी ते जावा नावाच्या संचाबरोबर फुकट मिळे. २०१८ साली आलेल्या जावाच्या अकराव्या आवृत्तीतून ते काढून टाकलं. आता वेगळं आणून बसवावं लागतं. दिवाळीच्या साफसफाईत घरातला पाना-पेचकस ‘नीट ठेवला’ जातो आणि पुढे सापडत नाही, त्यातलाच प्रकार. ते आणलं, बसवलं, त्याच्या तोंडात फाइल दिली.

“काहून बे?”

पडद्यावर लिहिलं होतं की, अमुक ओळीवर ‘पडताळणीचा नमुना’ असा जो प्रकार म्हटला आहे तो आम्हाला ठाऊक नाही. पोरगा ती ओळ वाचत बसला. ओळ निर्मळ होती. एक तास गेला. मला त्यातलं कळत नव्हतं, पण रोखपालाच्या शेजारी बसून मी एक धडा शिकलो आहे: पाच वाजता तूट सापडली म्हणजे ती पाच वाजता झाली असं नव्हे. ती अकरा वाजताच झालेली असते. पाचला फक्त बेरीज झाली. मी म्हटलं, “अरे, ही ओळ राहू दे. हा नमुना लिहिलाय कुठे, ते आधी बघ.”

तो वर सरकत गेला. पहिल्या पानावर लिहिलं होतं: जिनसांची यादी शेजारच्या फाइलीत आहे. शेजारी फाइल नव्हती. त्यांनी एकच फाइल पाठवली होती. मी पोट धरून हसलो. ज्या माणसाची उमर ‘सोबत : वरीलप्रमाणे’ असं लिहिलेली आणि सोबत काहीही नसलेली पत्रं फोडण्यात गेली आहे, त्याला हा रोग नवा नव्हता. यंत्राचं मात्र नवल वाटलं. ‘सोबतचा कागद मिळाला नाही’ असं ते एका शब्दानं म्हणेना; ‘हा नमुना कोण?’ एवढंच विचारत राहिलं.

तीन दिवसांनी शेजारची फाइल आली. पुन्हा तोंडात दिली. पुन्हा तेच वाक्य, अगदी अक्षरशः तेच. आता फाइल होती, तिच्यात नमुनाही होता. तरी ओळख पटेना.

या वेळचा घोळ गावाचा निघाला. त्यांच्या शास्त्रात प्रत्येक नावाला एक गाव जोडतात. कारण एकाच नावाची दोन माणसं असू शकतात. हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आमच्या खातेवहीत एका तांड्यावरच्या एकाच नावाच्या पाच जणांपुढे ‘विहीरवाले’, ‘शाळेजवळचे’ असं पेन्सिलीनं लिहिलेलं असे. त्यांच्या गावाचं नाव दिसतं वेबसाइटच्या पत्त्यासारखं, पण त्या पत्त्यावर जायचं नसतं. तिथे कोणी राहत असलंच पाहिजे असंही नाही. ते नाव फक्त दोन्हीकडे अक्षर-अक्षर सारखं असावं लागतं. मुख्य फाइलीत गावाच्या शेवटी एक तिरपी रेघ होती, शेजारच्या फाइलीत ती रेघ नव्हती. संपला विषय. ‘यवतमाळ’ आणि ‘यवतमाळ.’ ही यंत्राच्या हिशेबी दोन वेगळी गावं. यांना जोडणारी एसटीसुद्धा नाही.

ते पत्रानं दुरुस्त करून घेतलं, आणखी चार दिवस गेले. मग तिसरी तांबडी ओळ आली: एकाच नावाच्या दोन वस्तू एकाच पेटीत मावत नाहीत. इथे मात्र डोमेन एक्स्पर्टाला हुरूप आला. कारण भांडण ‘खातेदार’ या शब्दावरून होतं. फाइलीत खातेदार दोन होते. पोरगा म्हणाला, “काका, कोणीतरी चुकून दोनदा लिहिलंय. एक उडवतो.”

मी त्याचा हात धरला. “उडवू नकोस. एक बँकेचा खातेदार आहे, दुसरा जमिनीचा. तलाठ्याच्या दप्तरात आठ-अ चा उतारा असतो, त्यातलाही खातेदारच. बँकेचं खातं सासूच्या नावावर असतं आणि जमिनीचं मेलेल्या सासऱ्याच्या. एक उडवलास तर एक माणूस उडेल.”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हत्याराला एक जादा चिठ्ठी लिहून दिली: या गावचा माल या पेटीत, त्या गावचा त्या पेटीत. दोन्ही खातेदार आपापल्या पेटीत सुखानं राहिले. संध्याकाळी चारच्या सुमाराला तांबडी ओळ न येता पडद्यावर भराभर फाइली उमटल्या. शिपाईभाऊंनी दारातून विचारलं, “पेटलं काय?”

पेटलं होतं. पण चाललं नव्हतं.

चाचणीसाठी मी आमच्या शाखेतली १०० खाती काढून दिली होती. ७३ खात्यांना तिकडून ‘होय’ आलं. २७ खात्यांवर आमचा प्रोग्राम मधेच आडवा झाला. तिकडून उत्तर आलेलं होतं, पण ते उघडता उघडता आमचा हमाल गठ्ठ्यासकट खाली पडत होता. पोरगा रात्रभर जागला. सकाळी डोळे तांबडे करून म्हणाला, “काका, २७ खात्यांत काही साम्य नाही. वेगळी गावं, वेगळ्या रकमा, वेगळे प्रकार.”

तो आकड्यांची यादी बघत होता. मी नावांची मागितली. पहिली पाच नावं वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या बँकेचा मंगळवार उभा राहिला. काठी भिंतीला टेकवून बाकावर बसलेली ती सगळी मंडळी. कोणाला ऐकू कमी येतं, कोणी अंगठा लावतं, कोणी पासबुक कापडात गुंडाळून आणतं. म्हटलं, “साम्य कसं नाही? ही सगळी म्हातारी माणसं आहेत.”

मग उलगडा झाला. वर्णनात लिहिलं होतं, ‘जन्मतारीख : तारीख.’ आणि या लोकांच्या भाषेत तारीख म्हणजे पूर्ण तारीख. आधी साल, मग महिना, मग दिवस. पण ज्यांच्या जन्माची नोंद कुठेच नाही अशा कित्येक वृद्धांच्या आधारकार्डावर नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं. तिकडची यंत्रणा प्रामाणिक होती. तिच्याकडे जेवढं होतं तेवढंच, म्हणजे नुसतं साल, तिनं पाठवलं. आमचा हमाल वर्णनाबरहुकूम घडलेला; तो पूर्ण तारखेसाठी हात पसरून उभा होता. हातात चार आकडे पडले आणि त्याचा तोल गेला. चूक ना पाठवणाऱ्याची ना घेणाऱ्याची. चूक त्या वर्णनाची, ज्याच्या मते देशातला प्रत्येक माणूस तारखेनिशी जन्मतो.

पोरानं पुण्याला आपल्या वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ घाईत होते. म्हणाले, “तयार झालेल्या फाइलीत हातानं दुरुस्ती कर ना. तारखेच्या जागी नुसती अक्षरं घे. पाच मिनिटांचं काम.” फोन ठेवून पोरगा तसाच बसला. मग त्यानं मला त्या फाइलीचा माथा दाखवला. हत्यारानंच तिथे इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, त्याचा मथितार्थ असा: ही फाइल यंत्रानं तयार केली आहे, पुन्हा तयार कराल तेव्हा इथे केलेले बदल पुसले जातील.

मी तो माथा दोनदा वाचला. वाटलं, हे वाक्य आमच्या बँकेच्या दारावर लावायला हवं होतं. कारण त्या २७ जणांत एक आजी होती, घाटंजी तालुक्यातली. तिचं नाव सातबारावर एक, आधारवर दुसरं आणि पासबुकात तिसरं. दर वेळी कोणीतरी दयाळू कारकून पासबुकात वर बारीक अक्षरांत दुरुस्ती करी आणि म्हणे, “झालं आजी, या वेळचं भागलं.” पासबुक भरलं की नवीन पासबुक मुळातल्या नोंदीवरून छापलं जाई, आणि दुरुस्ती पुसली जाई. पुढच्या वर्षी आजी पुन्हा बाकावर. कित्येक वर्षं दया चालू होती आणि नोंद होती तिथेच होती. शेवटी एकदा मी तिला अर्ज करायला लावून नोंदच बदलून घेतली, तेव्हा कुठे ते थांबलं. म्हणून पोराला म्हटलं, “हातानं करू नकोस. आज या २७ जणांचं भागेल. उद्या तिकडून नवी फाइल आली की पुन्हा हेच २७ आडवे होतील, आणि तेव्हा तू इथे नसशील.”

तो म्हणाला, “मलाही तेच वाटतं. पण मग वर्णनच बदलून आणावं लागेल. ते ऐकतील?”

त्यांनी ऐकलं नाही. उत्तर आलं, ‘सदर वर्णन सक्षम स्तरावर मंजूर झालेले असून अपूर्ण तारखा येण्याची शक्यता नाही.’ ज्या आल्या होत्या त्या येण्याची शक्यता नव्हती! आता मात्र प्रोग्रामचं काम संपलं आणि माझं सुरू झालं. वीस वर्षं मी अशा उत्तरांना उत्तरं देतोय. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करून दीड पानाचं पत्र मी लिहिलं. जोडपत्र ‘अ’मध्ये त्यांच्याच यंत्रणेनं पाठवलेली २७ उत्तरं जशीच्या तशी, नावं झाकून. जोडपत्र ‘ब’मध्ये पोरानं तयार केलेली दुरुस्ती: नुसतं साल लिहायचाही एक प्रकार त्यांच्या शास्त्रात आहेच, तेव्हा ‘पूर्ण तारीख किंवा नुसतं साल’ एवढं म्हणावं. आणि ‘सोबत : वरीलप्रमाणे’ लिहून, सोबत खरोखरच दोन्ही कागद लावले. माझी अशी समजूत आहे की त्यांना धक्का त्याचाच बसला असावा.

या मधल्या दिवसांत आजी दोनदा येऊन गेली. एक जून उलटला होता. “आलं काहो भाऊ माह्यं?” मी म्हणायचो, “आजी, मशीनला तुमची ओळख पटून नाही राहिली.” ती म्हणाली, “मंग तुमी सांगून द्या ना तिले तोंडानं. तुमी तं ओयखता मले.”

याला काय उत्तर देणार? मी ओळखतो. शिपाईभाऊ ओळखतात. बाहेरचा चहावाला तिला साखर कमी लागते एवढं ओळखतो. पण तोंडानं सांगितलेलं वर्णन आता चालत नाही. आणि ते चालू नये, हेही मला बँकेत राहून कळतं. तोंडी ओळखीवर भलत्याचेच पैसे भलत्याला गेलेले मी पाहिले आहेत. यंत्र भेदभाव करत नाही, ओळखपाळख ठेवत नाही, चहा पीत नाही. २०२४ च्या २८ फेब्रुवारीला आमच्या यवतमाळहून पीएम-किसानचा सोळावा हप्ता सुटला, देशभर एकवीस हजार कोटी रुपयांहून जास्त. एवढी पाकिटं कोणता कारकून चिकटवणार होता? त्या योजनेचा आमच्या या कामाशी संबंध नाही. पण पाण्यासारखा पैसा नळातून येऊ लागला की नळाच्या जोडांकडे बघणारा माणूस लागतो, एवढंच म्हणायचं आहे.

तिचा विषय निघालाच होता म्हणून मी एकदा विचारलं, “आजी, तुमची जन्मतारीख खरंच नाही माहीत?”

ती जरा रागावलीच. “काहून नाई माहीत? पोयाच्या दिवशी झाली मी. बैलं तोरणाखाली उभे होते अन् माय इकडे अडून रायली होती. बाप बैल तसेच टाकून घरी पयाला. सगळ्या गावाले माहीत हाय.”

“आणि साल?”

“साल कायले पाह्यजे? पोया तं दरसाल येते.”

पोरगा हातातला चहा तसाच धरून ऐकत होता. कागदाला आजीचं साल ठाऊक, दिवस ठाऊक नाही. आजीला दिवस ठाऊक, साल ठाऊक नाही. दोघांनी मिळून एक अख्खी जन्मतारीख होत होती, पण दोघांची एकमेकांशी कोणी गाठ घालून दिली नव्हती. आणि कागदावरचं ते सालही कोणीतरी आजीच्या सुरकुत्या मोजून घातलेलं असणार.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवी फाइल आली. आवृत्ती एक पूर्णांक एक. पोरानं जुना सगळा माल पुसून टाकला, नवी फाइल हत्याराच्या तोंडात दिली आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. वऱ्हाडी काही ऐकू आलं नाही. १०० खाती लावली, १०० उत्तरं उघडली. हातानं काही केलेलं नव्हतं, त्यामुळे हातानं पुन्हा काही करावं लागलं नाही. पुण्याचा फोन आला, ‘पाच मिनिटांच्या कामाला दोन आठवडे कसे?’ पोरानं सांगितलं, “सर, पाच मिनिटांचं काम दर वेळी करावं लागलं असतं.” जाताना तो माझ्या पाया पडला. मी म्हटलं, “अरे, मला यातलं काही येत नाही.” तो म्हणाला, “काका, फाइल मला वाचता येते. फाइलीतली माणसं तुम्हाला.” पुण्यात राहिला तरी पोरगा पुसदचाच.

आजीचे पैसे मृगाचे दोन शिंतोडे पडून गेल्यावर पोचले. फार लवकर नाही, पण पेरणी साधेल इतपत. तिनं पाकिटं घेतली आणि जाताजाता मशीनला बाहेरूनच हात जोडले. मी म्हटलं नाही की ते मशीन छपाईचं आहे.

नव्या फाइलीत तारखेच्या त्या जिनसेपुढे त्यांनी एक टीपही टाकली आहे, सवलत का दिली याची. हत्यार ती टीपसुद्धा इमानानं तयार मालात उतरवून घेतं, त्यामुळे ती आता आमच्या बँकेतही आहे. टीप अशी: ‘ज्येष्ठ नागरिकांच्या अपूर्ण नोंदींकरिता.’ आजीला मी ती वाचून दाखवली नाही. तिच्या मते नोंद मुळीच अपूर्ण नाही. तोरण आहे, बैल आहेत, धावत आलेला बाप आहे. एक सालच काय ते कागदापाशी राहून गेलं आहे, आणि ते कागदापाशी राहिलं तर तिची काही तक्रार नाही.